वडिलांच्या दफनाच्या दिवशी फाडलेली पावती, आणि नऊ वर्षं चर्चची पायरी न चढलेला माझा भाऊ

नगरची_लेक

सर्वांना सलाम.

लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. घरातली गोष्ट चारचौघांत कशाला, असं आई म्हणते. पण आता माझी मती चालेनाशी झाली आहे, म्हणून लिहिते.

आम्ही नगर जिल्ह्यातले. पणजोबांचा बाप्तिस्मा १८९९-१९०० च्या मोठ्या दुष्काळानंतरचा, म्हणजे चार पिढ्यांचं ख्रिस्ती घर. वडील साखर कारखान्यात होते. धाकटा भाऊ माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. बारा वर्षांचा असल्यापासून तो चर्चमध्ये पेटी वाजवायचा. पाय जमिनीला पुरत नसत, म्हणून वडील त्याच्या पायाखाली गाण्याच्या जुन्या पुस्तकांचा गठ्ठा ठेवायचे. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) तीन तासांच्या उपासनेत, येशूच्या क्रुसावरच्या सात वचनांच्या मधली सगळी गाणी तोच धरायचा.

वडिलांच्या किडन्या गेल्या. शेवटची दोन वर्षं डायलिसिसवर होते, त्यात घरातलं होतं नव्हतं ते गेलं आणि मंडळीची, म्हणजे चर्चची, वर्षाची वर्गणी भरायची राहिली. वडील गेले ते मे महिन्यात. बर्फाच्या लादीवर ठेवलेलं, ओट्यावर माणसं जमलेली. भाऊ दफनभूमीची चावी आणायला गेला, तर कमिटीतल्या एकानं सांगितलं की दप्तर बघावं लागेल. दप्तर बघितलं. दोन वर्षांची थकबाकी आणि दफनाचे पैसे मिळून १,८०० रुपये निघाले. ते आधी भरा, मग खड्डा खणायला माणूस लावतो.

भावानं मित्राकडून पैसे आणले, भरले, पावती घेतली. त्या पावतीवर वडिलांच्या नावामागं 'ख्रि. वा.' असं लिहिलं आहे. ख्रिस्तवासी. माणूस ख्रिस्तात गेला हे लिहिणाऱ्याला ठाऊक होतं, आणि त्याच ओळीत पुढे थकबाकीचा आकडा आहे.

दफन झालं. भाऊ माती टाकून बाहेर आला, फाटकाशी थांबून मला म्हणाला, "ताई, या दारात मी पुन्हा येणार नाही." याला नऊ वर्षं झाली. आता तो पिंपरीला असतो, कंपनीत आहे. वहिनी अधूनमधून एकटी जाते. भाची आठ वर्षांची, तिचा बाप्तिस्मा झालेला नाही. आमच्या घरच्या बायबलच्या पहिल्या पानावर सगळ्यांचे जन्म-बाप्तिस्मे शाईनं लिहिलेत. आई ते पान काढून बसते, बोलत काहीच नाही.

मी काय केलं तेही सांगते. रोज सकाळी वचन पाठवलं. उपदेशांच्या लिंका पाठवल्या. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत न सांगता एका पास्टरांना त्याच्या घरी घेऊन गेले. तो उठला, चपला घातल्या आणि गेला, तो रात्री दहाला परत आला. तेव्हापासून रविवारी तो माझा फोन उचलत नाही.

तो वाईट वागत नाही. दारू नाही, काही नाही. देवाला शिव्याही देत नाही. नुसता गप्प आहे. त्याला परत कसं आणायचं? ज्यांच्या घरात असं झालंय त्यांनी सांगा.

---

पायवाट

ताई, सलाम. वाचून वाईट वाटलं. तुमच्या भावाशी झालं ते चूकच. तरी एक स्पष्ट बोलतो, राग मानू नका.

वचन पाठवणं थांबवू नका. इब्री १०:२५ मध्ये एकत्र मिळणं सोडू नका असं लिहिलंय, आणि ते छळ सोसणाऱ्या लोकांना लिहिलंय. त्यांच्याकडेही न येण्याची कारणं होती. क्षमा करणं ही आपल्यावरची आज्ञा आहे, सातदा नव्हे, सत्तर वेळा सातदा. कमिटीच्या एका माणसासाठी तारणाराकडे पाठ फिरवायची का? हे त्याला कुणीतरी प्रेमानं पण सरळ सांगायला हवं. मुलीचं वय वाढतंय. गप्प बसून आपण तिचंही नुकसान करतो.

माझा मोठा मुलगा तीन वर्षं लांब होता. मी रोज बोललो. तो चिडायचा, तरी बोललो. आज तो युवक संघ चालवतो.

---

थोमाचा_सोबती

पायवाट, तुमचा मुलगा परत आला याचा मनापासून आनंद आहे. पण प्रत्येकाचं जाणं निराळं असतं. मी स्वतः अकरा वर्षं बाहेर होतो, म्हणून लिहितो.

माझं कारण ताईंच्या भावासारखं नव्हतं. मी पुण्याला शिकायला आलो, वाचायला लागलो, प्रश्न पडायला लागले. चार शुभवर्तमानांत एकच प्रसंग वेगवेगळा का, कोवळ्या लेकरांना दुःख का, असले. गावच्या युवक सभेत विचारलं, तर प्रश्न विचारणं हे सैतानाचं काम आहे असं उत्तर मिळालं. मग मी विचारणं बंद केलं आणि जाणंही.

त्या अकरा वर्षांत मला किती वचनं आली असतील त्याची गणती नाही. खरं सांगतो, मी ती उघडतही नव्हतो. वचन खोटं म्हणून नव्हे. ती पाठवणाऱ्यानं मला 'कसा आहेस' हे एकदाही विचारलं नव्हतं, म्हणून. सकाळी सहाला वचन, दिवसभर काही नाही, दुसऱ्या दिवशी सहाला पुन्हा वचन.

योहान २० पुन्हा वाचा. प्रभू मेलेल्यांतून उठला हे ऐकून त्याचा शिष्य थोमा म्हणाला, खिळ्यांच्या खुणा बघितल्याशिवाय विश्वास ठेवणारच नाही. याहून कडक नकार काय असतो? आणि त्यानंतर आठ दिवसांनी शिष्य पुन्हा आत जमले, तेव्हा थोमा त्यांच्यात होता. हे आठ दिवस आपण वाचताना उडी मारून जातो. दहा जणांनी प्रभूला बघितलेलं, एकानं नाही, आणि तो एक उघड सांगतोय की तुमचं मला पटत नाही. तरी त्याला कुणी बाहेर काढलं नाही. तो जेवला असेल त्यांच्यात, झोपला असेल. आठव्या दिवशी प्रभू आला तेव्हा थोमा सापडला तो त्या खोलीतच. बाहेर घालवला असता तर कुठे सापडला असता?

माझ्या बाबतीत ते आठ दिवस माझ्या मोठ्या मावशीनं सांभाळले. अकरा वर्षं. तिनं मला एकदाही चर्चला चल म्हटलं नाही. नाताळला करंज्यांचा डबा यायचा. माझे प्रश्न तिनं ऐकून घेतले, आणि उत्तर येत नसेल तर "मला ठाऊक नाही रे" म्हणाली. ती आजारी पडली तेव्हा तिला व्हीलचेअरवरून चर्चला न्यायला कुणी नव्हतं. मी नेलं. मागच्या बाकावर बसलो. पुढच्या रविवारी पुन्हा न्यावं लागलं. असं सुरू झालं.

ताई, ते रोजचं वचन बंद करा. महिनाभर नुसता फोन करा, आणि रविवारी नको.

---

दर्याकाठ

मी वसईचा, कॅथलिक. धागा प्रॉटेस्टंट घराचा आहे, तरी लिहितो. दुखणं एकच.

गलती ६:१ मध्ये आपण मराठीत वाचतो की अपराधात सापडलेल्याला सौम्य वृत्तीनं ताळ्यावर आणा. 'ताळ्यावर आणा' म्हटलं की मला दम भरणारा मास्तर दिसायचा. आमच्या फादरांनी एकदा सांगितलं की तिथला मूळ ग्रीक शब्द मत्तय ४:२१ मध्येही आहे. याकोब आणि योहान बापाबरोबर होडीत बसून जाळी नीट करत होते, तिथं. तोच शब्द.

आणि मग मला एकदम कळलं, कारण माझा बाप कोळी. फाटलेलं जाळं तो कसं धरायचा ते मी लहानपणापासून बघितलंय. भोकाकडे तो आधी बघायचाच नाही. जाळं पायाच्या अंगठ्यात अडकवून ताणायचा, भोकाच्या कडेनं बोट फिरवत जायचा आणि पक्की गाठ शोधायची. लोंबणारे धागे कापून टाकायचे. जी गाठ धड आहे, तिथून सुई सुरू. आसाचं, म्हणजे जाळ्यातल्या एकेका घराचं, माप बिघडलं तर मासा निसटतो, म्हणून बांबूच्या पट्टीवर प्रत्येक आस मोजून घ्यायचा. कधी एकेका जाळ्याला आठवडा लागायचा. ओढून बांधून टाकलं असतं तर दहा मिनिटांचं काम, पण ते जाळं पहिल्याच खेपेला फाटलं असतं.

ताई, तुमच्या भावाची धड राहिलेली गाठ कुठली? मला वाचताना वाटलं, पेटी. तुम्हीच लिहिलंय.

माझंही थोडं सांगतो. मी हिंदू मुलीशी रजिस्टर लग्न केलं. चर्चची परवानगी वगैरे काही घेतली नाही. कुणीतरी सांगितलं की आता तुला कम्युनियन (प्रभुभोजन) नाही. ते खरं होतं, पण पुढचं कुणी सांगितलं नाही. चौदा वर्षं मी मिस्साला, म्हणजे उपासनेला, जाऊन मागं उभा राहायचो, कम्युनियनची रांग निघाली की बाहेर. मग तेही सुटलं. शेवटी एका तरुण फादरांनी विचारलं, "तू का येत नाहीस?" एवढंच. मी सांगितलं. ते म्हणाले, यावर रस्ता आहे. बायकोनं धर्म बदलायची गरज नाही. दोघांनी चर्चमध्ये संमती पुन्हा द्यायची असेल तर तसं होतं. तिला नव्यानं विधी नको असेल आणि संसार मनापासून चालू असेल, तर बिशप ते लग्न मुळापासून वैध ठरवू शकतात, नव्यानं समारंभ न करता. कॅनन लॉमध्येच ती सोय आहे. आमचं तसंच झालं. बायकोला सगळं समजावून सांगितलं, मी माझ्या बाजूची वचनं दिली, कन्फेशन (पापांची कबुली) केलं, आणि चौदा वर्षांनी कम्युनियन घेतलं. हात थरथरत होते.

चौदा वर्षं फुकट गेली, कारण 'बंद आहे' सांगायला पुष्कळ लोक होते आणि रस्ता सांगायला कुणी नव्हतं. इथं कुणी कॅथलिक वाचत असेल आणि लग्नामुळे लांब असेल, तर पॅरिशमध्ये जाऊन विचारा. दुसऱ्याकडून ऐकलेल्यावर राहू नका.

---

नगरची_लेक

सगळ्यांचे आभार. रात्री पुन्हापुन्हा वाचतेय.

थोमाचा_सोबती, तुम्ही लिहिलंत ते लागलं. मी त्याला शेवटचं 'कसा आहेस' कधी विचारलं ते आठवेना. आज फोन केला. मंगळवार आहे. पंधरा मिनिटं बोलला, भाचीच्या दाताबद्दल.

पायवाट दादा, राग नाही. मीही इतके दिवस तुमच्यासारखाच विचार केला.

---

जुनं_दप्तर

इतिहासाचा विद्यार्थी आहे, म्हणून थोडं मागचं. आपल्याला वाटतं ही आजची अडचण आहे. मंडळीनं यावर पहिलं मोठं भांडण तिसऱ्या शतकात केलंय.

इ. स. २५० मध्ये रोमन बादशहा डेशियसनं हुकूम काढला की सगळ्यांनी देवतांना बळी वाहावा आणि तसा दाखला घ्यावा. साक्षीदारांच्या सह्यांचे ते दाखले इजिप्तच्या वाळूत पपायरसवर सापडले आहेत, आजही बघता येतात. कितीतरी ख्रिस्ती लोकांनी भीतीनं बळी वाहिला, काहींनी नुसता दाखला विकत घेतला, काही तुरुंगात मेले. छळ थांबल्यावर घसरलेले लोक रडत दाराशी आले. आता काय? रोममध्ये नोव्हेशियन नावाचा धर्मगुरू म्हणाला, यांना पुन्हा घ्यायचंच नाही. तिथला बिशप कॉर्नेलियस आणि उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा बिशप सिप्रियन म्हणाले, पश्चात्तापाचा काळ जाऊ द्या, पण घ्या. २५१ मध्ये कार्थेजच्या सभेनंही घ्यायच्या बाजूनं ठरवलं. नोव्हेशियनचा गट वेगळा झाला.

३२५ मध्ये निकियाला भरलेल्या बिशपांच्या परिषदेतही हा विषय आहे. कुणी जबरदस्ती केलेली नसताना विश्वास सोडलेल्यांना टप्प्याटप्प्यानं बारा वर्षांची वाट होती. कडक वाटेल. पण ती वाट होती, आणि तिला शेवट होता. शिवाय तिथंच असंही ठरलं की मरणाच्या दारात असलेल्याला प्रभुभोजन नाकारायचं नाही.

मरणाच्या दारात काही अडवायचं नाही हे सतराशे वर्षांपूर्वी ठरलेलं आहे. ताईंच्या वडिलांच्या ओट्यावर दप्तर उघडणाऱ्यांना ते कुणीतरी वाचून दाखवायला हवं होतं.

---

पाळकीणबाई

मुली, सलाम. माझे यजमान चौतीस वर्षं पाळक होते, आता निवृत्त. मी सहा गावांच्या पाळकगृहांत संसार केला, त्यामुळे दप्तराची बाजूही जवळून बघितली आहे.

आधी तीच सांगते. वर्गणी लागते. त्यातूनच पाळकाचा पगार, विजेचं बिल, दफनभूमीचं कुंपण. छोट्या मंडळीत दहा घरांनी भरली नाही तर पगार होत नाही, हे मी सोसलंय. पण दफनाच्या दिवशी वसुली करायची नाही, हा माझ्या यजमानांचा नियम होता. प्रेत ओट्यावर असताना दप्तर उघडू नका, महिन्यानं घरी जाऊन भेटा, असं ते प्रत्येक नव्या कमिटीला पहिल्या बैठकीत सांगायचे. काही ठिकाणी यावरून भांडणं झाली.

आता तुझ्या प्रश्नाकडे. तू विचारतेस, भावाला परत कसं आणू. लूक १५ मध्ये तीन हरवलेली आहेत आणि आपण नेहमी तिसऱ्याचं बोलतो, कारण उधळ्या पुत्र आपल्या पायानं गेला, त्याच्यावर बोट ठेवता येतं. मेंढरू भटकलं. पण नाणं? नाणं कुठं गेलं नाही. ते घरातच पडलं. त्या बाईनं नाण्याला बोल लावला नाही, दिवा लावला आणि घर झाडलं. तुझा भाऊ नाणं आहे. त्याला मंडळीच्या हातून पाडलं गेलंय. तेव्हा झाडू आधी मंडळीनं घ्यायला हवा.

म्हणून पिंपरीला जाण्याआधी तू तुमच्या गावच्या चर्चमध्ये जा. आता कमिटी कोण आहे, सेक्रेटरी कोण आहे, बघ. नऊ वर्षांत माणसं बदलली असतील. त्यांना सगळं सांग आणि एकच माग: मंडळीच्या वतीनं कुणीतरी जाऊन त्याची माफी मागावी. भाषण नको, प्रार्थना नको, 'पण' नको. 'चुकलं, पण वर्गणीचं असं असतं' म्हणणाऱ्याला पाठवूच नकोस.

दुसरं, त्याच दारातून परत यायला हवं असा हट्ट धरू नकोस. पिंपरी-चिंचवडला मराठी मंडळ्या आहेत. गावच्या मंडळीकडून सभासदत्वाचा दाखला नेला की तिकडं नाव लागतं. त्याचा बाप्तिस्मा एकदा झालाय, तो पुन्हा लागत नाही, दृढीकरणही नाही. दाखला काढायला त्याला स्वतः यावं लागू नये, एवढी तजवीज तू करू शकतेस. मुलीच्या बाप्तिस्म्याचं आत्ता नावही काढू नकोस. ते आई-बापांनी काढायचं.

आणि पेत्राची आठवण ठेव. मुख्य याजकाच्या अंगणात कोळशाच्या विस्तवाशी शेकत त्यानं प्रभूला तीनदा नाकारलं. योहान २१ मध्ये किनाऱ्यावर पुन्हा कोळशाचा विस्तव आहे, त्यावर मासळी, बाजूला भाकर. प्रभूनं त्याला 'माझ्यावर प्रीती करतोस का' असं तीनदा विचारलं खरं, पण कधी? त्यांची न्याहारी झाल्यावर.

---

परतलो_नाही

मी या धाग्यावर लिहावं की नाही कळत नाही. मी परत आलेलो नाही, आणि येईन असं वाटत नाही. घरचे अजून प्रार्थना करतात, मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू.

एकच विनंती आहे. तो 'नाही' म्हणाला तर ते ऐका. माझ्या बहिणीनं एकदा मला कामाचं सांगून बोलावलं आणि घरात दहा जणांची प्रार्थनासभा ठेवली होती. त्यानंतर तिच्या कुठल्याच निमंत्रणावर विश्वास राहिला नाही, अगदी राखीच्या जेवणावरसुद्धा. आता पाच वर्षांनी पुन्हा जातो, कारण तिनं फोन करून सांगितलं, "फक्त जेवायला ये, शप्पथ." आणि खरंच फक्त जेवायला होतं.

---

नगरची_लेक

परतलो_नाही, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. दिवाळीत मी हेच केलं होतं. त्याच्याजवळ मी त्याची माफी मागितलेली नाही. मागते.

---

कागदावरचा

एक वेगळं कारण मांडतो. आपल्या मराठी मंडळ्यांत ते फार आहे आणि कुणी बोलत नाही.

१९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशाप्रमाणे आपल्या दलित समाजातला माणूस ख्रिस्ती झाला की अनुसूचित जातीचा दाखला जातो. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात घेतले गेले, ख्रिस्ती नाहीत. त्यामुळे कितीतरी घरांत आजोबा बाप्तिस्मा घेतलेले आणि नातवाच्या शाळेच्या दाखल्यावर हिंदू. माझ्या चुलत भावाचं असंच. नोकरी लागली आणि त्यानं चर्चला येणं सोडलं. विश्वास गेला म्हणून सोडलं नाही. कुणी बघेल, तक्रार करेल ही धास्ती, आणि आतून लाज. उत्तम शुक्रवारी तो घरात दार लावून उपास करायचा, हे मला त्याच्या बायकोनं सांगितलं.

आमच्या मंडळीत एका उपदेशात अशा लोकांना तीस नाण्यांसाठी प्रभूला विकणारे यहूदा म्हटलं गेलं. तो उपदेश त्याच्यापर्यंत पोचला. त्यानंतर त्यानं मुलांनाही संडे स्कूलला पाठवणं बंद केलं.

कायद्याचं जे व्हायचं ते होवो, ती लढाई कोर्टात आणि रस्त्यावर लोक लढताहेत. पण ज्याच्या पोटाला आणि विश्वासाला राज्यानं असं समोरासमोर उभं केलंय, त्याला यहूदा म्हणण्याआधी त्याच्या घरी एकदा चहा प्यायला तरी जावं. मी आता जातो. आम्ही दोघं रात्री अंगणात बसून तिसावं स्तोत्र वाचतो. सध्या त्याची मंडळी तेवढीच, दोन माणसांची.

---

पायवाट

कागदावरचा, तुमचं वाचून बराच वेळ बसून राहिलो. आमच्याकडेही अशी तीन घरं आहेत. मी त्यांच्याकडे कधी गेलो नाही.

ताई, माझं पहिलं उत्तर मी मागं घेत नाही, वचन सोडू नये असंच मला वाटतं. पण पाळकीणबाई म्हणतात तसा क्रम असावा, हे पटलं. माझ्या मुलाला मी रोज बोललो खरं. पण रोज रात्री आम्ही एकत्र जेवतही होतो. त्यातलं कुठलं उपयोगी पडलं हे मी त्याला कधी विचारलं नाही.

---

ओवीकर

नगरचा विषय निघाला म्हणून टिळकांची आठवण. हे परत येण्याचं उदाहरण नाही, वाट बघण्याचं आहे.

नारायण वामन टिळकांनी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईला बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं. पुढची पाच वर्षं लागली. १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला, आणि तोही कुणी पटवून दिलं म्हणून नाही. आधी जातीचा विटाळ त्यांच्या स्वतःच्या मनातून गेला, तो त्यांच्याच विचारानं. पाच वर्षं नवऱ्यानं पत्रं लिहिली, नातं तुटू दिलं नाही, संसार पुन्हा एका छपराखाली आला तरी चुली वेगळ्या असणं सोसलं.

टिळकांसारखा शीघ्रकोपी माणूस इतकं थांबू शकला. बाप्तिस्मा कधी घेतेस, हा धोशा लावला असता तर मराठीला लक्ष्मीबाई टिळक मिळाल्या असत्या का, असं मला नेहमी वाटतं.

---

नगरची_लेक

सर्वांना सलाम. दीड महिन्यानं लिहितेय. जे झालं ते क्रमानं सांगते.

पाळकीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे आधी गावी गेले. कमिटी बदलली आहे. आताचे सेक्रेटरी निवृत्त शिक्षक, साठीचे. त्यांनी ऐकून घेतलं, कपाटातून त्या वर्षीचं पावती पुस्तक काढलं. स्थळप्रत होती. बराच वेळ बघत राहिले. त्या वेळी ते कमिटीत नव्हते, पण दफनाला होते म्हणाले, आणि फाटकाशी काय चाललंय ते दिसत असून बोलले नाहीत. "पोरी, मला जायला हवं," हे त्यांनीच म्हटलं.

मी भावाला फोन करून सगळं सांगितलं, लपवून काही ठेवलं नाही. आधी माझ्या दिवाळीची माफी मागितली. मग म्हटलं, गावचे सर तुला भेटायला येऊ म्हणतात, नको असेल तर नाही येणार. दोन दिवस तो काही बोलला नाही. तिसऱ्या दिवशी मेसेज आला: शनिवारी, दुपारनंतर.

सर एसटीनं गेले, एकटे. मी नव्हते. जे सांगते ते वहिनीकडून. सर आत येऊन बसले आणि पहिलं वाक्य बोलले ते असं, की तुझ्या वडिलांच्या दिवशी मंडळीनं पाप केलं, मी तिथं उभा होतो आणि गप्प होतो, मला माफ कर. पुढे काही नाही. भाऊ उठला. वहिनीला वाटलं, आता चपला घालतो. तो आतल्या खोलीत गेला आणि पाकीट घेऊन आला. पावती त्यात होती. नऊ वर्षं. घडीवर फाटायला आलेली, मागं पारदर्शक पट्टी लावलेली. सरांच्या हातात दिली. सरांनी चष्मा लावून वाचली आणि ते 'ख्रि. वा.' वाचताना रडले. भावानं चहा टाकायला सांगितलं. जेवूनच जा म्हणाला.

सरांनी १,८०० रुपयांचं पाकीट आणलं होतं, कमिटीनं ठराव करून दिलेलं. ते त्यानं घेतलं नाही. पावती मात्र परत मागून घेतली.

चर्चला तो अजून गेलेला नाही. मी विचारलंही नाही.

गेल्या गुरुवारी आईकडे घरची प्रार्थना होती, शेजारच्या चारपाच बायका असतात. मी त्याला एवढंच कळवलं होतं की वडिलांच्या पेटीच्या भात्यातून हवा जातेय, सूर लागत नाही, गावात दुरुस्त करणारं कुणी राहिलं नाही. तो सुट्टी काढून दुपारीच आला. भाचीला घेऊन. पेटी ओट्यावर काढली, उघडली. भाता घडीवर उसवलाय, दोन सुरांच्या पट्ट्यांत धूळ. भाची शेजारी बसून एकेक पट्टी फडक्यानं पुसत होती आणि तो तिला सांगत होता, ही काळी एक, आजोबा इथून गायचे.

बायका आल्या तेव्हा तो उठून आत गेला नाही. ओट्यावरच बसून राहिला. आत आम्ही पेटीशिवाय गायलो. दुसऱ्या कडव्याला आईनं सूर वर धरला, तिचं नेहमी तसंच होतं. बाहेरून भात्याचा आवाज आला आणि फाटकी पेटी जेवढी वाजेल तेवढ्या आवाजात त्यानं सूर दिला, खालचा. आई त्यावर आली.

निघताना म्हणाला, भात्याला चामडं लागेल, पुण्यात बघतो, पुढच्या गुरुवारी घेऊन येतो.